आवाजाचं पुस्तक

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या शिवाजी पार्कात एक वारा सुटतो. त्याला थंडी म्हणावं एवढा तो मोठा नसतो. पण पंखा एकवर आणावा लागतो, पायांवर चादर हवीशी वाटते, आणि मैदानाभोवती फेऱ्या मारणारी निवृत्त मंडळी कपाटातले स्वेटर काढून एकमेकांना दाखवतात. मला मात्र हा वारा आला की थकवा येतो. आजारपणाचा नव्हे. एखादं काम फार वर्षांपूर्वी संपलेलं असावं आणि त्याचा शिणवटा तेवढा हाडांत राहून गेलेला असावा, तसला.

परवा हा वारा सुटला त्याच दिवशी अनिकेतचा फोन आला. आमच्या इमारतीतल्या आणि आजूबाजूच्या वाचकांचा एक ग्रूप आहे, तो हा सांभाळतो. बँकेत नोकरी, सदा घाईत.

"आजी, ह्या महिन्याची थीम साय-फाय आहे. तुमची आवडती पाच पुस्तकं सांगा ना. शॉर्टमध्ये, दोन-दोन लाइन्स. का वाचावं, बस."

"बघते रे."

"बघते काय आजी, तुम्ही लायब्रेरियन होतात! तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं ते काम घेऊन मी तीन दिवस बसले आहे. कागद समोर आहे, पेन उघडं आहे. आठवत नाही असं नाही. सगळं आठवतं, तीच अडचण आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात हयात गेली, हजारो मुलामुलींना पुस्तकं काढून दिली. पण असं एखादं पुस्तक पहिल्यांदा ज्या बाईच्या हातात ठेवलं, ती समोर येऊन उभी राहते आणि हात पुढे सरकत नाही.

तेव्हा आम्ही लालबागला राहायचो. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आई मालवणकडची, आणि मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. चाळीच्या तळमजल्यावर एक मोफत वाचनालय होतं. त्या खोलीत आधी मसाल्याचं दुकान होतं. दुकान उठलं, पण तिखट भिंतींत मुरून राहिलं. पुस्तकांनाही त्याचा वास. एखादा वाचक ऐन रंगाच्या प्रसंगाला आला की त्याला शिंक यायची. वाचनालयाचे कारभारी नाना गिरणीतून निवृत्त झालेले कारकून. डोळ्यांनी अधू व्हायला लागले तसं त्यांनी मला हाताशी घेतलं.

"सुमन, तू वर नुसती बसून असतेस. ती खाली येऊन बस. बसणं तेच, पण चार माणसं दिसतील."

माणसं दिसली, पण थकलेली. चाळीचाळीच्या भिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं, तो चुना आता पावसानं फिका पडला होता. दोन वर्षांमागच्या जानेवारीत गोळीबार झाले होते. गेलेली माणसं कुठल्या तरी लांबच्या मुलखातली नव्हती, ह्याच जिन्यांवरून चढणारी-उतरणारी होती. त्यानंतर मोर्चे झाले, सभा झाल्या, हरताळ झाले, निवडणूकसुद्धा झाली. मुंबई मिळाली नव्हती आणि गेलीही नव्हती. लोक अजून सभेला जात, अजून ओरडत, पण घोषणा द्यायला हात वर करताना आधी खांदा चोळत. दमलो असं कुणी म्हणत नसे. ते म्हणायचे दिवस नव्हते.

वाचनालयात मोरीजवळ एक कपाट होतं. रात्रशाळेतले एक विज्ञानाचे मास्तर नागपूरला बदलून गेले, त्यांनी जाताना आपली पुस्तकं देऊन टाकली होती. चंद्रावर जाणारी, समुद्राच्या पोटात जाणारी, कुठल्या कुठल्या ताऱ्यांवर संसार मांडणारी. कुणी कुठून रूपांतर केलेली, हलक्या कागदाची, मुखपृष्ठावर लाल-पिवळे अग्निबाण. नाना त्यांना 'हवेतली पुस्तकं' म्हणत. "ही हवेतली पुस्तकं मोरीजवळच बरी. भिजली तर भिजली." मी ती सगळी वाचून काढली. चाळीच्या जिन्याखाली बसून दुसऱ्या सूर्याभोवती फिरून यायचं आणि मग वर जाऊन तांदूळ निवडायचे.

आमच्याकडे पुस्तकांना नावांनी कुणी ओळखत नसे. 'ते लोखंडी गड्याचं', 'ते दोन सूर्यांचं' असंच चालायचं. लोखंडी गडी एकटा सोळा साचे चालवायचा, जेवायचा नाही, विडीला बाहेर जायचा नाही. आणि एक दिवस तो साचे सोडून समुद्रावर जाऊन उभा राहतो आणि परत येत नाही. वडिलांच्या खात्यातले शंकरमामा ते परत करताना मला हळूच म्हणाले, "सुमन, ही गोष्ट आमच्या मालकाच्या हाती पडता नये बरं का. त्याला पुस्तक शेवटपर्यंत वाचायची सवय नाही." दोन सूर्यांच्या पुस्तकात एक मावळायच्या आत दुसरा उगवे, अंधारच नाही, त्यामुळे तिथल्या माणसांना झोप म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. "तीन पाळ्यांचं गाव दिसतंय," असं एक जण म्हणाला. तळ्याच्या तळाशी वसलेल्या गावाचं एक होतं, जिथं श्वास घ्यायला हवा वाटून मिळायची. ते दहा बाय दहाच्या खोलीत अकरा माणसांत राहणाऱ्या एकानं दोन दिवसांत आणून दिलं. "ह्यात नवीन काय आहे?"

अनिकेत, ही तीन झाली. मिळाली तर जरूर वाचा. मिळणार नाहीत.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर रशियानं आकाशात उपग्रह सोडल्याची बातमी आली आणि सगळं उलटंपालटं झालं. दिवस मावळायच्या सुमाराला गच्चीवर माणसांची रांग. मान वर, तोंड उघडं. एक चालता ठिपका दिसतो म्हणे. ज्याला दिसायचा तो ओरडायचा आणि बाकीचे त्याच्या बोटाकडे बघेपर्यंत ठिपका परळच्या धुरात गेलेला असायचा. नाक्यावरच्या इराण्याच्या रेडिओवर त्याचा आवाजही ऐकला, पाखराच्या पिल्लासारखा, बीप बीप बीप. नानांनी दुसऱ्या दिवशी दोन गडी बोलावून ते मोरीजवळचं कपाट दाराशी आणवलं. "हवेतली काय मागताहेत लोक, तर देऊ," म्हणाले, आणि उपरण्यानं त्यावरची धूळ स्वतः झटकली.

त्या दाराशी, एका रविवारी सकाळी, भागुमावशी येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या बाहेर. चाळिशीच्या आसपासची बाई, सावळी, उंच, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आत कुणी बोलावल्याशिवाय यायचं नाही हे तिच्या पायांना आधीपासून ठाऊक होतं.

"मला एक पुस्तक पायजे. मोठ्या अक्षराचं."

मी तिला ओळखलं. गिरणगावात तिला न ओळखणारं कोण होतं! ती गणपतची बायको. गणपत कलापथकात गायचा. सभेला माइक यायला उशीर झाला की त्याला आधी उभं करत, आणि मग माइक आला तरी कुणी लावत नसे, असा गळा. जानेवारीतल्या त्या गोळीबारात गणपत गेला. भागुमावशी घोडपदेवला राहायच्या, वाइंडिंग खात्यात कामाला होत्या. सूत कांड्यांवर गुंडाळायचं ते खातं, तिथं सगळ्या बायकाच. नवरा गेल्यावर त्या संध्याकाळच्या साक्षरतेच्या वर्गाला जायला लागल्या होत्या आणि आता कुठं अक्षराला अक्षर लागत होतं.

नानांनी लहान मुलांचं एक पुस्तक दिलं. पुढच्या रविवारी ते त्यांनी कपाटावर ठेवलं.

"ह्ये कोल्ह्याचं न्हाई वाचायचं मला. मोठ्या मानसाचं द्या."

नाना हसले. मला वाईट वाटलं, आणि मी घाईनं दाराजवळच्या कपाटात हात घातला. मोठ्या टाइपाचं असं एकच होतं. मी ते काढून दिलं. "हे घ्या मावशी. हे वाचाच. मला फार आवडतं."

त्या गेल्या. मी वहीत नोंद केली आणि तिथंच थिजले. मोठी अक्षरं पाहून मी दिलं होतं ते आवाजाचं पुस्तक.

त्या गोष्टीत एक शास्त्रज्ञ आहे. त्याचं म्हणणं, कुठलाच आवाज मरत नाही. तो विरळ होत होत पसरत जातो, ताऱ्यांच्याही पलीकडे, आणि आपल्या कानांना पुरत नाही एवढंच. तो डोंगरावर एक यंत्र उभारतो, आणि वर्षानुवर्षं खपून जुने आवाज खाली उतरवतो. शेवटी त्याला त्याची आई ऐकू येते. लहानपणी जेवायला हाक मारायची, ती हाक. आणि पुस्तक संपतं.

मी धावत नाक्यापर्यंत गेले असते तर त्या भेटल्या असत्या. पुस्तक बदलून देता आलं असतं. मी गेले नाही. त्यांचं वाचन अजून बाळबोध आहे, दहा पानांत कंटाळतील आणि परत आणतील, असं मी मनाला सांगितलं. अजूनही हा वारा सुटला की मी त्या नाक्यापर्यंत जाऊन येते. मनातल्या मनात. दरवर्षी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो.

त्या कंटाळल्या नाहीत. दर रविवारी येत, आणि अडलेले शब्द विचारत. नानांनी आग्रह करून त्यांना आत बसवलं. 'ध्वनिलहरी' त्यांनी तीन रविवार फोडला. बोट अक्षराखाली, ओठ हलताहेत, कपाळाला घाम. सुताच्या कांड्यांनी बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, त्यामुळे पान उलटायला त्यांना बोट जिभेला लावावं लागायचं आणि तसं केल्याची मग त्यांनाच लाज वाटायची.

एका रविवारी आई वरून चहा घेऊन आली. कप पाहिला आणि मी मान खाली घातली. जिन्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. भागुमावशींनीही तो पाहिला.

"चा नको, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "आत्ताच पाळीवरनं पिऊन आले."

रविवार होता. गिरणी बंद होती. आई कप घेऊन वर गेली. मी काही बोलले नाही. त्या थंडीत मी जे बोलले त्याचं दुःख आहेच, पण जे बोलले नाही त्याचाही हिशेब अजून लागलेला नाही.

शेवटचं पान संपलं त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, खरं हाय का गं ह्ये?"

नाना बाहेर गेले होते. खोलीत आम्ही दोघीच. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला 'नाही' म्हणता आलं नाही.

"शास्त्रज्ञ शोधताहेत, मावशी. तो उपग्रहाचा आवाज नाही का आला रेडिओवर? एवढ्या लांबून?"

"म्हंजे व्हय म्हन की."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुस्तक परत केलं नाही, "ऱ्हाऊ दे माझ्याकडं थोडं दिस" म्हणाल्या. मला वाटलं, झालं, थोडं समाधान मिळालं बाईला. माझं काय गेलं?

नंतरचे काही रविवार त्या आल्याच नाहीत. कानावर मात्र यायला लागलं. भागुबाई करी रोडच्या पुलाखाली पानवाल्याशी बोलत होती. भागुबाई परळला एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी गेली. भागुबाई दादरला फुलवाल्यांच्या गल्लीत विचारत फिरत होती. शंकरमामांनाही तिनं गाठलं. ते मला सांगायला आले.

"गणपतचं गाणं मी कुठं ऐकलं ते विचारत होती. जागा कुठली, वार कुठला, सकाळ की संध्याकाळ, तोंड कुठल्या दिशेला होतं. मी म्हटलं, दिशा कशाला गं? तर म्हणाली, लागतीया." मग म्हणाले, "मला सगळं आठवलं, सुमन. मी ते विसरलो होतो. पाऊस येऊन गेलेला, आणि तो एका पिंपावर उभा राहून गायला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं बघ, दिशा सांगताना."

मला तेव्हाही काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. भागुमावशी आल्या तेव्हा कळलं. शाळेच्या वहीचे आठ-दहा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, पेन्सिलीनं, प्रत्येक अक्षर स्वतंत्र आणि मोठं. वर लिहिलं होतं, 'यंत्रवाल्या साहेबास'. खाली, माझे पती गणपत हे गात असत. त्यांचा आवाज खाली दिलेल्या ठिकाणी सुटला आहे. तरी तो शोधावा. आणि मग जागा. पुलाखाली, तोंड समुद्राकडे. मैदानात, वडाच्या बाजूस, तोंड उगवतीकडे. चाळीच्या गच्चीवर, कुणाच्या तरी लग्नात, पौष महिना.

"पत्ता तेवढा घाल," त्या म्हणाल्या. "तुला ठावं असंल ना, कुठं धाडायचं."

इतकी वर्षं झाली, पण तो क्षण अजून माझ्या अंगावर बसलेला आहे. पत्ता कुठला घालणार होते मी? मुंबईतल्या कुठल्याही दारावर तो कागद गेला असता तर कुणीतरी हसलं असतं. मी कागद खाली ठेवले.

"मावशी, ती गोष्ट आहे. कुणीतरी रचलेली. असं यंत्र नाही कुठं. आवाज राहत नाही."

बाहेर हातगाडीवाला ओरडत गेला, त्याचं ओरडणं पार कोपऱ्यावर जाऊन विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

"मंग तू व्हय का म्हनलीस?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून."

"आन आता काय वाटतंय आसं वाटतं तुला?"

त्यांनी कागद गोळा केले, सारखे केले, घडी घातली. पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि गेल्या. पायांत वहाणा घालताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी माझा हात धरला नाही, दाराची चौकट धरली.

मी चार दिवस धड जेवले नाही. आईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती, ती थांबली.

"सुमे, खोटा कित्याक बोललंस?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"तिका बरा वाटाचा म्हणान नाय. तुका जड जाय होता म्हणान." आईनं पीठ झटकलं. "जा, नि माफी माग तिची. तिच्या घराक जा."

रविवारी दुपारी मी घोडपदेवला गेले. चाळीत विचारत विचारत दुसऱ्या मजल्यावर. खोली स्वच्छ, भांडी मांडलेली, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, तिला निळ्या कागदाची झालर. शेजारी गणपतचा फोटो, गिरणीच्या पासावरून मोठा केलेला, पुसट. भागुमावशी मला बघून चकित झाल्या नाहीत.

"मावशी, मी चुकले. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"चा घे आदी."

त्यांनी चहा केला. मी घेतला. त्या समोर बसल्या आणि तसबिरीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांनी ही बघितली न्हाई. त्याच्या आदीच गेले. आसतं तर काय गायले आसते, न्हाई?" मग एकदम, माझ्याकडे न बघता, बोलायला लागल्या.

"त्या सकाळचं तुला सांगते. कुनाला सांगितलं न्हाई. त्ये दाढी करत हुते आन गुनगुनत हुते. मला पाळीला जायची घाई, चूल पेटंना, डोळ्यांत धूर. मी म्हनले, जरा गप ऱ्हावा की. बाहेर गाताच, घरात तरी गप ऱ्हावा. तर गप झाले. रागानं न्हाई गं. मी म्हनले म्हनून. जाताना बी काय बोलले न्हाईत, नुस्ती मान हालवली. आन गेले."

खाली नळावर बायकांची भांडी वाजत होती.

"गानी लोकांच्यात हायत. गान्यासाठी न्हाई पायजे हुतं मला त्ये यंत्र. मला म्हनायचं हुतं, गा आता. मी गप बसते."

मी एवढी पुस्तकं वाचली होती. कुठल्याही पुस्तकात ह्याच्यावर काही नव्हतं. मी कप हातात धरून बसले.

मग त्या उठल्या आणि फळीवरून ते कागद काढले. "फाडायला घेतले हुते. मंग वाचत बसले. माझंच अक्षर, मलाच वाचता येतंय, मजा वाटली. ह्यातलं मला काय बी ठावं नव्हतं बघ. मी आपली भांडायची, घरी का येत न्हाईत, कुठं उलथता म्हनून. कुठं हुते त्ये आता कळलं." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये बघ. पिंपावर हुबं ऱ्हाऊन. पडले आसते तर?" आणि हसल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

निघताना मी पुन्हा माफीचं काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी हात आडवा केला.

"त्ये माफीबिफी मला येत न्हाई. परत कुनी काय इचारलं, तर खरं सांग. तेवढं कर."

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"चाय घेतलंस?"

"घेतला. त्यांच्याच कपात."

आईनं मान वर केली नाही. कोनाड्यातला तो कान तुटलेला कप मात्र मला नंतर दिसला नाही. तिनं फेकला की नुसता आत ढकलला, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आमच्या घरात बदल असेच व्हायचे.

मग राज्य झालं. त्याला अजून दोन वर्षं लागली. रोषणाई झाली, पेढे वाटले, नाना रडले. शंकरमामा म्हणाले, "आज गणपत हवा होता," आणि तिथं असलेल्या प्रत्येकानं दुसरीकडे पाहिलं. मी नोकरीला लागले, आम्ही लालबाग सोडलं, गिरण्या पुढं कधीतरी बंद पडल्या, मसाल्याच्या वासाची ती खोली कुठल्या तरी टॉवरच्या पायात गेली. थकव्याचं एक आहे, तो कुठून सुरू झाला ते माणसाला सांगता येत नाही. मी नोकरीत कुणालाही पुस्तक देताना 'फार छान आहे' असं कधी म्हटलं नाही. लोकांना मी रुक्ष वाटायची. वाटू दे.

पण त्या थंडीचा शेवट सांगायचा राहिला. शिमगा आठ-दहा दिवसांवर आला होता, वारा फिरला होता, दुपारी उकडायला लागलं होतं. रविवार होता. भागुमावशी आल्या त्या एका बाईला हाताला धरून. अंजना तिचं नाव, वाइंडिंग खात्यातलीच, पंचविशीची, त्याच साक्षरतेच्या वर्गातली. नवरा सोडून गेला होता, एवढं मला नंतर कळलं. दोघी सरळ उंबरा ओलांडून आत आल्या.

"हिला त्ये आवाजाचं दे," भागुमावशी म्हणाल्या.

मी जागची हलले नाही. "मावशी, ते नको. दुसरं देते. मोठ्या अक्षरांचं नवीन आलंय."

"त्येच दे."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मग अंजनाकडे वळून, मलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आदीच सांगून ठेवते तुला. त्यात लिवलंय त्ये समदं खोटं हाय. आसं यंत्र-बिंत्र काय नसतंय. मी चौकशी केलीया."

अंजना गोंधळली. "मंग कशाला वाचू, अक्का?"

"वाच तर," भागुमावशी म्हणाल्या. "मंग बोलू आपन."